हिरीतली सावली

पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसची कामं मी बीडमध्ये घरी बसून करतो. डिसेंबरात त्यांनी एका फार्महाऊसच्या साइट प्लॅनसाठी विहिरीचं ऑब्जेक्ट मागितलं. अट एकच: पाणी सपाट निळं नको, खोली दिसली पाहिजे.

आर्किकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दारं-खिडक्या आयत्या मिळतात. आपल्याकडची पायऱ्यांची विहीर मिळत नाही. ती जीडीएलमध्ये लिहावी लागते. ही ग्राफिसॉफ्ट या बुडापेस्टच्या कंपनीची भाषा, थोडीफार जुन्या बेसिकसारखी. यात छटेला रंगाचं नाव द्यायचं नसतं, दोन पेनांचे नंबर द्यायचे. एक भरावाचा, एक मागच्या पार्श्वभूमीचा. रंग एकातून दुसऱ्यात उतरत जातो. मी गोल छटा घेतली. मध्ये गर्द, कडेला फिकट. दिसायला झकास.

दादा, म्हणजे माझे वडील, चहा घेऊन मागं उभे होते.

"हे काय शेततळं हाय का?"

"विहीर आहे, दादा."

"मंग मधी काळं कशापायी? हिरीची कड काय उतरती असती व्हय?"

उत्तर नव्हतं. शेततळ्याच्या बाजू उताराच्या, तिथं मध्यभागी खोली खरीच जास्त. विहिरीची भिंत उभी. खोली सगळीकडं सारखीच.

मग खोली दाखवायची कशी, ते बघायला रविवारी दुपारी खजाना विहिरीवर गेलो. निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात बांधलेली ही गोल विहीर बीडपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. बांधणाऱ्यांनी भुयारातून पाणी आत आणलं आणि भुयारातूनच, मोट न लावता, खालच्या शेतांकडं सोडलं. लहानपणापासून तिथं जातोय, पण सावलीकडं कधी पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, म्हणून दक्षिणेकडच्या भिंतीलगत गडद चंद्रकोर आणि समोरची उत्तरेची भिंत लख्ख. मे महिन्याच्या मध्यावर बीडमध्ये भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, तेव्हा ही कोर दिसायची नाही.

घरी येऊन गोल छटा काढली, सरळ रेषेतली घातली. गर्द टोक दक्षिणेला. मग पायऱ्या रस्त्याच्या बाजूला याव्यात म्हणून विहीर नव्वद अंशांनी फिरवली, तर सावलीही फिरून पूर्वेला गेली. पूर्वेला! भर दुपारची!

कारण माझंच. भराव काढणाऱ्या आज्ञेत एक बेरजेचा आकडा असतो: कड काढायला 1, भराव काढायला 2, भरावाची दिशा ऑब्जेक्टला बांधायला 8. सवयीनं मी 11 लिहितो. फरशीच्या रेघा फरशीबरोबरच फिरायला हव्यात, तिथं ते बरोबर. सावली मात्र विहिरीच्या मालकीची नसते.

ऑब्जेक्ट किती अंशांत फिरवलंय ते जीडीएल सिम्ब_रोटअँगल या नावाखाली सांगतं. छटेची दिशा ठरवणारे चार आकडे तेवढा कोन वजा करून काढायचे, एवढंच. पण घाईत मी वजाऐवजी अधिक टाकलं आणि सावली दुप्पट फिरू लागली. रात्री पावणेबाराला ती एक खूण सापडली. त्यानंतर विहीर कशीही फिरवा, गर्द कोर दक्षिणेलाच.

सकाळी मोठ्या ऐटीत दादांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"सावली बराबर हाय," ते म्हणाले. "पर पाणी लई वर दावलंस."

"प्लॅनमध्ये पाण्याची पातळी दिसत नाही, दादा. वरून बघतोय आपण."

"दिसती की. पाणी दोन परस खाली गेलं की सावली सारी हिर धरती. हितं निम्म्याला बी नाय."

मी पुन्हा कोड उघडलं आणि पाण्याच्या खोलीसाठी एक नवा पॅरामीटर टाकला. आपल्या विहिरीत आत्ता किती पाणी आहे, ते त्यांनाच विचारलं.