दुकानात राहिलेले पासवर्ड

आमच्या घरात तीन यंत्रं, तिघांच्या तीन तऱ्हा. माझा फोन अँड्रॉइड, लेकीचा जुना लॅपटॉप लिनक्सवर चालणारा आणि कुवेतला तिच्या अब्बांकडे आयफोन. तिन्हींवर चालतो म्हणून बहिणीच्या मुलाने फायरफॉक्स घालून दिला. २००४ साली आलेला हा ब्राउझर मराठीतही वापरता येतो. एकाच खात्याने तिन्हीकडे साइन इन केलं की जपलेली पानं आणि पासवर्ड सगळीकडे दिसतात. पनवेलमध्ये मी वीजबिलाचं पान उघडायचं, एक बटण दाबून ते कुवेतला पाठवायचं, की हे तिथून बिल भरणार! मला तर त्याचं कौतुकच होतं.

शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉपचा चार्जर जळाला. लेक एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेली. अर्ज भरला, अल्हम्दुलिल्लाह. रात्री जेवताना सहज म्हणाली, "अम्मी, पासवर्ड आठवत नव्हता. तुझ्या खात्याने साइन इन केलं, आपोआप आला."

माझा घास तोंडातच राहिला. त्या खात्यात बँकेचाही पासवर्ड होता. ओटीपी माझ्या फोनवर येतो हे खरं, पण तेवढ्याने झोप येते का?

फोनवर खात्याचं पान उघडलं. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत एक अनोळखी विंडोज संगणक होता. तो तोडून टाकला आणि सुटले असं वाटलं. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "खाला, त्याने नवं काही जाणार नाही. पण जे पोचलं ते तिथेच आहे." मग रात्री एकपर्यंत पासवर्ड बदलत बसले, आधी बँकेचा. परक्या संगणकावर खाजगी खिडकी उघडायची, ती बंद केली की इतिहास आणि लॉगिन राहत नाही, हेही त्यानेच सांगितलं. उतरवून घेतलेल्या फायली मात्र तिथेही राहतात.

सकाळी दोघी दुकानात गेलो. साठलेले पासवर्ड पुसले. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लेकीचा उत्पन्नाचा दाखला होताच, शिवाय कितीतरी परक्यांची आधार कार्डं. मालक म्हणाले, "सगळे तसंच सोडून जातात. पुसून टाका तुम्हीच." लेक एकेक पुसत बसली. त्यात एक कार्ड आमच्याच गल्लीतल्या दादींचं निघालं.