जिवाची गोळी

बाबा गेल्यावर आईला मी सांगलीहून न्यूयॉर्कला, क्वीन्सला आणलं. पहिला हिवाळा तिनं खिडकीपाशी काढला. समोरच्या पुलावरून 7 नंबरची गाडी धडधडत जायची. आई म्हणायची, डोकं जड झालंय, छातीत कसंतरी होतंय. ईसीजी नीट, थायरॉईड नीट, बी-12 जरा कमी. ते भरून काढलं, तरी ताटातली पोळी तशीच उरायची.

मग डॉक्टरीणबाईंनी 15 प्रश्नांचा कागद काढला. वयस्कर माणसांतलं नैराश्य ओळखायला तो वापरतात. उत्तर हो किंवा नाही, एवढंच. फोनवर दुभाषी मिळाली ती हिंदीची. आई आपल्या हिंदीत म्हणाली, ‘‘किसी में जीव नहीं लगता.’’ तिकडून इंग्रजीत आलं, अंगात ताकद नाही. मी मध्ये बोलायला गेले, तर बाईंनी मला थांबवलं. घरच्यांनी दुभाष्याचं काम करू नये म्हणे. तेव्हा राग आला. पुढच्या खेपेला मराठी दुभाषी मिळाली आणि मी बाहेर बसले. आई आत पाऊण तास होती. एवढा वेळ ती माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का, या प्रश्नाला तिनं म्हणे उलट विचारलं, ‘‘जानेवारीत कोण शहाणा बाहेर पडतो?’’ त्याचा गुण धरावा की सोडावा?

नैराश्यावरची गोळी सुरू झाली, अगदी कमी मात्रेनं. आठ दिवसांत आईनं बंद केली, ‘काही फरक नाही, उगाच सवय लागेल.’ नर्सनं फोन करून दुभाष्यामार्फत समजावलं की ही झोपेची गोळी नव्हे, गुण यायला चारसहा आठवडे लागतात. मग गोळी पुन्हा सुरू झाली. या वयात अशा गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून मध्ये रक्त तपासलं. आईनं त्याचा अर्थ लावला, मीठ वाढवायचं. बीपीची गोळी चालू असताना!

नैराश्य हा शब्द ती अजून उच्चारत नाही. ‘जिवाची गोळी’ म्हणते. बुधवारी ज्येष्ठांच्या केंद्रात जाते. टेबलावर एक कोलंबियाच्या आजी, एक सिल्हेटच्या. तिघींना सामाईक भाषा नाही. तिथली डाळ अळणी असते, अशी आईची तक्रार आहे. ती पर्समधून लोणच्याची बाटली नेते आणि दोघींनाही वाढते.