उजवं पान, डावं पान

घाटातल्या कातळासमोर भूविज्ञानाचे नवे विद्यार्थी उभे राहिले, की पहिल्याच मिनिटाला त्यांच्या वहीत 'बेसॉल्ट' उतरतो. तो खोडू नका, म्हणतो मी. फक्त उजव्या पानावरून डाव्यावर न्या. उजवं पान इंद्रियांचं, डावं अनुमानाचं. 'काळा, बारीक कणांचा, हाताला जड, मधूनमधून पोकळ्या' एवढंच उजवीकडे. दख्खनच्या खडकाकडून मी शिकलेली सर्वांत मोलाची शिस्त हीच.

हातोडा मारला की ताजा बेसॉल्ट खणखणतो, हातोडा उसळतो. कुजलेला दगड भद्द वाजतो. वय काढायचं तर नमुना ताजाच हवा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हिशेब प्रयोगशाळेत मांडला जातो, पण पहिली निवड कान करतो.

पोकळ्यांमधले पांढरे स्फटिक डोळ्याला सारखेच वाटतात. चाकूनं ओरखडा उठला नाही, तर क्वार्ट्‌झचा संशय. उठला, तर कॅल्साइट किंवा स्टिल्बाइटसारखं झिओलाइट. मग विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा आणि कान जवळ न्यायचा: कॅल्साइट फसफसतं, स्टिल्बाइट गप्प राहतं. जिथे एक इंद्रिय अडतं तिथे दुसऱ्याला विचारायचं.

मला सर्वांत प्रिय आहे तो लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा पट्टा, आमच्या भाषेत 'रेड बोल'. त्याच्या कोरड्या तुकड्यावर तोंडाची वाफ सोडली, की पहिल्या पावसाचा वास येतो. १९६४ साली बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात लिहिलं ते या वासाबद्दलच. कोरड्या खडकांतून त्यांनी तो धरून ठेवणारं तेल वेगळं काढलं होतं. तुकडा जिभेला टेकवला तर चिकटतो, कारण त्यातली सूक्ष्म छिद्रं ओल शोषून घेतात. दाताखाली कचकचला नाही, तर कण फार बारीक. मात्र जीभ ओळखीच्या खडकापुरतीच वापरायची. अनोळखी खनिजाला आणि प्रयोगशाळेतल्या कशालाही ती लावायची नाही. काही खनिजांत आर्सेनिक असतं.

या पट्ट्यासमोर डाव्या पानावर सहज लिहिलं जातं: एक थर थिजून, झिजून त्याची माती झाली; मग पुढचा लाव्हा आला. पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. पण काही पट्टे ज्वालामुखीच्या राखेपासून बनले असावेत, असंही अभ्यासकांनी दाखवलं आहे. राख तर थोड्या काळातही साचते. म्हणजे तांबडा रंग, ओला वास, जिभेला चिकटणं हे सगळं तसंच राहून त्यामागचा काळ मात्र बदलू शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, डावं पान धीटपणे लिहा, तारीख घालून लिहा. ते उद्या बदलेल. उजवं पान असं लिहा, की तुमचं अनुमान चुकीचं ठरवणाऱ्यालाही तेच उपयोगी पडेल.