खुब्याचे हाड आणि याकोबाची काठी

माणसाच्या देहात २०६ हाडे असतात, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. परंतु त्यांतले एखादे मोडेपर्यंत त्यांची आठवण कोणाला होत नाही. गेल्या आषाढात सकाळच्या मिस्सेनंतर पावसाने ओल्या झालेल्या पायरीवर आमचा पाय घसरला आणि उजवा खुबा दगडावर आदळला. उठू गेलो तो पाय उचलेना. चौघांनी उचलून नेण्याचा प्रसंग वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, जिवंतपणीच आमच्यावर आला.

हाड मोडले तर हाडवैद्य गाठावा, ही उत्तन-डोंगरीकडची जुनी रीत. दोघा-तिघा शुभचिंतकांनी आम्हांसही तोच सल्ला दिला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून आमची समजूत घातली. मनगटासारखे खुब्याचे हाड पट्टीने बांधून ठेवता येत नाही. हाडाची मान सांध्याच्या आत मोडली, तर वरच्या गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठाच तुटण्याचा धोका असतो, आणि मग हाड जुळणे कठीण. आमचे हाड मानेच्या खाली मोडले होते. तेथे रक्त भरपूर. धातूची सळई व स्क्रू घालून ते नीट धरून ठेवले की पुढचे काम शरीर स्वतः करते. मात्र उशीर नको. उतारवयात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा छातीतला कफ, पायाच्या शिरेत धरणारी रक्ताची गुठळी आणि पाठीला पडणाऱ्या जखमा अधिक घातक ठरतात.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आमचे सहायक धर्मगुरू पवित्र तेल घेऊन आले. शेजारच्या खाटेवरील ख्रिस्ती आजोबांची कन्या ते पाहून डोळ्यांना पदर लावू लागली; फादर आता जातात की काय, असे तिला वाटले. हा संस्कार केवळ मरणाच्या दारी टेकलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगून ठेवले. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली त्याचा विधीही नव्याने लावून दिला. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो स्वीकारणे उचितच होय. तरी आमच्या लोकांच्या तोंडी तो अजून 'अंत्याभ्यंग'च राहिला आहे. आजवर कितीतरी कपाळांवर तेल लावणारा अंगठा आमचा होता. त्या रात्री कपाळ आमचे होते. तेल थंड लागते, हे तेव्हा कळले.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीने वॉकर पुढे ठेवून उभे राहण्याचा हुकूम सोडला. आमच्या हातून प्रथम कम्युनियन घेतलेल्या मुली आता तिच्या वयाच्या असतील. तिच्यापुढे आमची विद्वत्ता काही चालली नाही. स्नान घालायला वॉर्डातले मामा येत. ते आपल्या गावच्या शेतीच्या गोष्टी सांगत सांगत आमचे पाय पुसत, तेव्हा पवित्र गुरुवारची आठवण होई. त्या दिवशी बारा जणांचे पाय आम्ही धुतो. परंतु आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणे पेत्रालाही जड गेले होते. पुढे पुनरुत्थित प्रभूने त्याच पेत्राला सांगितले की म्हातारपणी तुझी कंबर दुसरा कोणी बांधील. त्या वचनात त्याच्या हौतात्म्याची सूचना आहे, असे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि ते खरेच आहे. परंतु खाटेवर पडल्यापडल्या त्याचा साधा, घरगुती अर्थही पुरेसा वाटला.

अशा वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांची आठवण होणे स्वाभाविक होते. डोंगर चढणारा, बर्फावरून घसरत जाणारा हा धिप्पाड पुरुष २८ एप्रिल १९९४ च्या रात्री स्नानगृहात पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांचे वय ७३ होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी जागतिक रुग्ण दिनाची घोषणा केली होती, आणि ११ फेब्रुवारी १९९३ रोजी तो प्रथम पाळला गेला होता. रुग्णालयातून परतल्यावर मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी लोकांस सांगितले की ख्रिस्तसभेला तिसऱ्या सहस्रकात न्यायचे तर नुसती प्रार्थना व कार्यक्रम पुरेसे नाहीत, दुःखसहनही हवे. २००५ सालच्या मृत्यूपर्यंत काठी आणि पुढे चाकांची खुर्ची त्यांनी जगापासून लपवली नाही.

धर्मग्रामात परतलो, तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. १९८३ च्या धर्मविधी-संहितेतील ९३० वा नियम सांगतो की आजारी वा वृद्ध धर्मगुरूला उभे राहवत नसेल, तर त्याने बसून मिस्सा अर्पण करावी. मात्र लोकांसमोर तसे करायचे तर धर्माधिकाऱ्यांची अनुमती हवी. पहिले सहा आठवडे आम्ही खोलीतच, बसून, मिस्सा केली. पूर्ण बरे होईपर्यंत लोकांपुढे येऊ नये, वेदीची शोभा राहत नाही, असे काही वडीलधाऱ्यांचे मत पडले. ते प्रेमापोटीच होते. आम्ही अनुमती मागितली आणि ती मिळाली. त्या रविवारी वेदीमागे उंच खुर्ची ठेवून आम्ही बसलो. मिस्सा आटोपल्यावर एक कोळीण आजी पुढे आल्या. गुडघे दुखत असूनही त्या इतकी वर्षे लोकलाजेस्तव गुडघे टेकत आल्या होत्या. "फादर बसले, आता आम्हांला बसायची लाज नाय," असे म्हणून त्या हसल्या. आमच्या एखाद्या प्रवचनाने कोणाला एवढा दिलासा दिल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मिठागरांच्या या मुलखात १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. त्या वाढत्या काळात भाईंदर आणि मीरा रोडला तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती कितीतरी उभ्या राहिल्या. मुंबईत जागा न परवडणारी तरुण जोडपी तेथे हौसेने राहावयास आली. ती आज म्हातारी झाली आहेत. ज्याचा खुबा मोडला, त्याला चौथा मजला म्हणजे तुरुंगच. पूर्वी पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर घेऊन हे जिने आम्ही चढत असू; आता डॉक्टरांची मनाई आहे. १९७३ पासून ख्रिस्तसभेने प्रापंचिकांनाही ही सेवा करण्याची मुभा दिली आहे, आणि आमचे प्रापंचिक सेवक ती निष्ठेने करतात. परंतु ख्रिस्त वर जातो, माणूस मात्र खाली येत नाही, ही खंत उरतेच. म्हणून आमच्या तरुणांनी एक भक्कम खुर्ची घेतली आहे. महिन्यातून एका रविवारी चौघे मिळून एकेका वृद्धास जिन्यावरून अलगद खाली आणतात. परवा एक आजोबा दोन वर्षांनी मंदिरात आले. मिस्सेपेक्षा रस्त्यावरचा पाऊस ते अधिक वेळ पाहत राहिले. आम्ही त्यांना घाई केली नाही.

यब्बोकच्या काठी याकोबाने रात्रभर झुंज दिली, तेव्हा देवदूताने त्याच्या खुब्यालाच स्पर्श केला. उजाडले तेव्हा तो लंगडत होता. परंतु त्याच रात्री त्याला नवे नाव मिळाले, आशीर्वादही मिळाला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्याचे शेवटचे चित्र आहे ते काठीच्या टोकावर टेकून आराधना करणाऱ्या म्हाताऱ्याचे. वाचकहो, आपल्या इमारतीत असा काठीवर टेकलेला एखादा याकोब दार लावून बसला आहे काय, याची या आठवड्यात चौकशी करावी. जिना उतरायला त्याला फार तर चार माणसे लागतील.