पठारावरचा जपानी पाऊस

रात्रीचे दोन वाजलेत, पहाटे डेअरीत दूध घालायचंय, आणि मी मोबाईलवर एका जपानी नटाची बोटं मोजत बसलोय! छातीपाशी ताणलेले दोन पंजे, बारीक डोळे, पुढे काढलेली हनुवटी. हा ओतानी ओनिजी, खलनायकाच्या सोंगात. चित्र शाराकुचं. कालपर्यंत मी हे नावही ऐकलं नव्हतं. हा गडी १७९४ साली अचानक उगवतो, दहाएक महिन्यांत काबुकी या जपानी नाटकातल्या नटांची शंभरावर चित्रं देतो आणि गायब! तो नक्की कोण, यावर अजून वाद चालू आहेत.

आणि ही रंगवलेली नाहीत, छापलेली आहेत! चित्रकार रेखाटणार, तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून दुसरा कोरणार, तिसरा छापणार. रंग बदलला की ठसा वेगळा, आणि इतके ठसे बसवूनही रेघ हलत नाही. पैसा प्रकाशकाचा. नाटकवेड्यानं घरी न्यायची ही स्वस्तातली तसबीर, बरं का!

या काबुकीत सगळे नट पुरुषच : १६२९ मध्ये जपानात बायकांना रंगमंचावर बंदी झाली, मग पुरुषच स्त्री झाले. आपले बालगंधर्व आठवले ना? मला मात्र आमच्या संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर आठवल्या. त्या तर वगात शिवाजी महाराज व्हायच्या!

मग हिरोशिगे नावाचा दुसरा चित्रकार सापडला आणि झोप कायमची गेली. १८५७ सालचं चित्र : पुलावर अचानक सर आलीय, माणसं वाकून पळतायत, आणि पाऊस म्हणजे केसाइतक्या बारीक काळ्या रेघा. लाकडात कोरलेल्या! व्हॅन गॉगनं ३० वर्षांनी तेच चित्र तैलरंगात उतरवून काढलं. आमच्या पठार भागात पाऊस म्हणजे टँकर. तरी त्या पुलावर मी भिजलो, शपथ. त्याच्या चित्रातलं कानबारा गावचं बर्फही बघा, जिथं बर्फ फारसं पडतच नाही म्हणे. हवंय कशाला पडायला?

ही चित्रं न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फुकट, हवी तेवढी मोठी करून दिसतात.

आणि एक. नाटकवेड्यांसाठीचं असं छापील चित्र आपल्याकडंही असायचं. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत जुन्या तमाशा फडाचं पोस्टर असेल, तर रद्दीत घालू नका. आधी मला दाखवा.