शंभरावी बैठक

मराठी माणसाला प्रयोग मोजायची मोठी हौस. शंभरावा, पाचशेवा, हजारावा. जाहिरातीत आकडा नाटकाच्या नावाहून ठळक छापला जातो, मध्यंतरात सत्कार होतो. प्रशांत दामले यांचा १२,५००वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंद सभागृहात झाला, तेव्हा नाटकापेक्षा त्या आकड्याचेच अप्रूप अधिक होते आणि ते रास्तही होते. मात्र या मोजदादीमागे एक गृहीतक असते. संहिता ठरलेली आहे, ती पुन्हा पुन्हा उभी करायची आहे, आणि दर वेळी तीत नव्याने जीव ओतावा लागतो, म्हणून प्रत्येक पुनरावृत्तीचे मोल. ज्या शंभरीविषयी मी इथे लिहिते आहे, तिच्यात एकही गोष्ट दुसऱ्यांदा घडलेली नाही. तिला प्रेक्षक नव्हता, तिकीट नव्हते, आणि संहिता तर नव्हतीच.

घाटकोपर पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर शिकवणी वर्ग चालतो. शनिवारी रात्री साडेआठला शेवटची तुकडी सुटली की फळ्यावरचे ताळेबंद न पुसता तिथे सहा माणसे बसतात. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे माझ्या मराठीच्या वर्गात होता. पुढे वाणिज्य शाखेने त्याला नेले आणि आज तो एका कंपनीत हिशेब तपासतो. २०१९ पासून तो या पाच जणांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळवतो आहे. टाळेबंदीत बैठका संगणकाच्या पडद्यावर झाल्या, मग पुन्हा वर्गात. परीक्षांचे महिने, लग्ने, तुंबलेले रूळ हे सगळे वजा जाता मागच्या महिन्यात शंभर भरल्या. खेळाडू त्याला ‘डी. एम.’ म्हणतात, म्हणजे डंजन मास्टर. (उत्तरेत या दोन अक्षरांनी जिल्हाधिकारी उभा राहतो, आपल्याकडे तो कलेक्टर असल्यामुळे घोटाळा होत नाही.)

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ मध्ये आल्यापासून हा खेळ अनेकांना ऐकून ठाऊक आहे. त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही. पटाविना चालू शकणारा हा बैठा खेळ आहे. कागद, पेन्सिल, फासे. प्रत्येक खेळाडू एक भूमिका घेतो; तिचे बळ, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा आकडे कागदावर मांडतो. (बुद्धी आणि शहाणपण यांचे हिशेब वेगळे ठेवणाऱ्या खेळाविषयी प्राध्यापकांच्या खोलीत बसणाऱ्या कोणालाही आदरच वाटेल.) एक जण मात्र कोणतीच एक भूमिका घेत नाही. तो उरलेले सगळे जग असतो: धर्मशाळेचा मालक, पाऊस, शत्रूचे सैनिक, दारातले कुत्रे. तो प्रसंग उभा करतो आणि थांबून विचारतो, ‘तुम्ही काय करता?’ उत्तर काहीही येऊ शकते. ते साधेल की नाही याची शंका असेल, तिथे वीस पैलूंचा फासा पडतो. फासा म्हटले की आपल्याला शकुनी आठवतो. इथे पणाला काहीच लागत नाही. पुढे काय होणार हे खेळवणाऱ्यालाही आधी कळू नये, एवढेच त्या फाशाचे काम.

या खेळवणाऱ्याचा पूर्वज लष्करी आहे, हे वाचून मला नवल वाटले होते. प्रशियात १८२४ मध्ये राइसविट्झ या अधिकाऱ्याने युद्धाभ्यासाचा खेळ सिद्ध केला, त्यात दोन पक्षांमध्ये एक पंच होता. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ याने म्हटले की तक्ते बाजूला ठेवा, पंचाच्या अनुभवावर विसंबा. तिथून जवळजवळ शंभर वर्षांनी अमेरिकेत मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित प्रदेशात खेळवत होता, आणि शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स, एके काळी विमा कंपनीत काम केलेला आणि नोकरी गेल्यावर तळघरात जोडे दुरुस्त करणारा गृहस्थ, नियम लिहीत होता. १९७४ मध्ये दोघांच्या नावाने तीन लहान पुस्तिकांची पेटी निघाली. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. पुढे गायगॅक्सच्या एकट्याच्या नावाने विस्तारित आवृत्ती आली, आर्नेसनचे मानधन थांबले, १९७९ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये मिटले. हा वाद मला निव्वळ पैशाचा वाटत नाही. गायगॅक्सने खेळ लिहिला, आर्नेसनने तो आठवड्यामागून आठवडे माणसांसमोर बसून घडवला. यांतला कर्ता कोण? साहित्याच्या अभ्यासकांना विचाराल तर आम्ही बहुधा लिहिणाऱ्याच्या बाजूने कौल देऊ, कारण आमच्या हातात पुरावा तेवढाच येतो.

माझ्या विद्यार्थ्याने रचलेले नगर पाहिले की तो कुठे वाढला ते उमगते. इंग्रजी पुस्तकांतला किल्ला तिथे नाही. एक डोंगर आहे, एकमेकांच्या खांद्यावर उभी घरे, अंगाला अंग घासून जाणाऱ्या पायऱ्या, आणि पाणी फक्त पायथ्याशी. असल्फ्याचा डोंगर ज्याने मेट्रोच्या खिडकीतून पाहिला आहे, त्याला नकाशाची गरज पडू नये. त्या नगराच्या बाजारात नियम इंग्रजीत चालतात, घासाघीस गुजरातीत होते, भांडण हिंदीत पेटते आणि कोणी जखमी झाले की मराठीत विचारपूस होते. हे कोणी ठरवलेले नाही. घाटकोपरच्या कुठल्याही दुकानात हेच ऐकू येते.

डोंगरामागे तलाव होता, तलावात ड्रॅगन, म्हणून वरच्या घरांना पाणी नव्हते. बेत सरळ होता: बाराव्या बैठकीत ड्रॅगनशी लढाई, विजय, नळाला पाणी. त्या रात्री खेळाडूंपैकी एक मुलगी, डोंबिवलीहून येणारी, रुग्णालयात परिचारिका असलेली, एरवी फारसे न बोलणारी, म्हणाली, ‘पण त्याला एवढं पाणी लागतं कशाला?’

डी. एम.पाशी उत्तर नव्हते. लढाईची चार पाने तयार होती. त्यांत ड्रॅगनच्या पंखांचा पल्ला होता, आगीचा मारा किती हातांवर पोचतो ते होते, त्याची तहान नव्हती. त्याने वही मिटली आणि उलट तिलाच विचारले, ‘तुला काय वाटतं?’ ती म्हणाली, ‘आजारी असेल. ताप चढला की पेशंट पाणी पाणीच करतो.’

तिथून पुढच्या अठ्ठ्याऐंशी बैठका या वाक्यातून निघाल्या. आग म्हणजे ताप ठरला. मग ताप कशाने, तलावात काय मिसळले, कोणी मिसळले, पाणी विकून कोण गबर झाले. ज्या पाच जणांनी तलवारी परजल्या होत्या, ते एका अवाढव्य रोग्याच्या उशाशी पाळीपाळीने जागत बसले. एकाने तर तलवार गहाण टाकून औषधी मुळ्या आणल्या.

मला त्याने वह्या दाखवल्या, अकरा आहेत. डाव्या पानावर बेत, उजव्या पानावर प्रत्यक्ष काय घडले. डावी पाने बहुतेक एकेका तिरप्या रेषेने खोडलेली. बाराव्या बैठकीची चार पाने तशीच, रेष मात्र जरा जास्त दाबून ओढलेली दिसते. आम्हा शिक्षकांच्या टाचणवह्यांत असे पान सापडायचे नाही, आणि तपासणीच्या दिवशी ते शोभायचेही नाही. मी विचारले, ‘वाईट नाही वाटत? एवढी मेहनत वाया जाते.’ तो म्हणाला, ‘मॅडम, तयारी नसती तर वही मिटायचं धाडस झालं नसतं.’

आता मराठीची शिक्षिका म्हणून मला दशावतार आठवणार हे उघड आहे. सिंधुदुर्गातल्या जत्रांत वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळ्यांचे खेळ रात्रभर चालतात. आख्यानाला परंपरेने लिखित संवाद नसतात. रंगायला बसण्याच्या सुमारास आज कोणते कथानक आणि कोणाकडे कोणते काम, एवढे ठरते. बाकी सगळे रंगमंचावर, समोरच्या नटाच्या शब्दाला शब्द देत. पेटी आणि मृदंग त्यांना सांभाळून घेतात. समोरचा काय बोलेल ते माहीत नसताना राजा राजासारखा बोलत राहतो, ही विद्या शिकवणी वर्गातल्या त्या टेबलापासून फार दूरची नाही.

पण ‘आमच्याकडे हे सगळे आधीपासून होतेच’ असे म्हणून समाधान पावणाऱ्यांत मला बसायचे नाही. दशावतारी नट त्यावर पोट भरतो, त्याच्यासमोर गाव बसलेले असते, खेळामागे देवाची जत्रा असते, आणि कथानक कितीही वळले तरी राक्षसाचा वध ठरलेला असतो. इथे वधच रद्द झाला. शिवाय पुस्तके परदेशी आणि महाग, खेळणारे पगारदार. साम्य आहे ते एका कौशल्याचे: समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकून मग आपले वाक्य घडवणे. ते कौशल्य दोन्हीकडे सारखेच दुर्मीळ आहे, आणि दोन्हीकडे ते कागदावर उतरत नाही. त्यांनी एका बैठकीचे ध्वनिमुद्रण केले होते, ते मी चिकाटीने ऐकले. कंटाळवाणे आहे. बेरजा, चिवड्याच्या पुडीची कुरकुर, लांबलचक शांतता. त्याच बैठकीविषयी पाचही जण तासभर भारावून सांगतात. ‘क्रिटिकल रोल’सारखे कार्यक्रम २०१५ पासून जगभर पाहिले जातात, पण तिथे आवाज देणारे व्यावसायिक नट असतात आणि त्यांना प्रेक्षकाची जाण असते. या पाच जणांना ती नाही, त्यामुळे त्यांचे शनिवार त्यांच्यापाशीच राहणार.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात लंडन नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठात इतिहास शिकवणारे रॉबर्ट वॉर्डहॉ १९८२ पासून एकच खेळ खेळवत आले आहेत. २०२२ मध्ये त्याला चाळीस वर्षे झाली. खेळाडू आले, गेले, म्हातारे झाले. कथा तीच पुढे चालू. तळघरात रंगवलेल्या चिमुकल्या बाहुल्या हजारोंनी आहेत. दिवसा झालेला इतिहास शिकवायचा आणि सुटीत न झालेला घडू द्यायचा, या जोडीचा मला थोडा हेवा वाटतो. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तर तो म्हणाला, ‘त्यांच्याकडे तळघर आहे, मॅडम.’

तर शंभरावी बैठक. खाऊ गल्लीतून डोसे आले. एकाने नाटकवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे नारळ आणला होता, तो जिन्याच्या पायरीवर फोडला. वॉचमनकाका आधी रागावले आणि मग खोबरे घेऊन गेले. मला वाटले होते भाषणे होतील. तसे काही झाले नाही. परिचारिका मुलगी उठली, त्याच्या खुर्चीत जाऊन बसली, त्याची पुठ्ठ्याची आडभिंत स्वतःसमोर ओढली आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. पाच-सहा वर्षांत तो एकदाही खेळला नव्हता. जग होण्याच्या नादात त्याला एका माणसाएवढी जागा कधी मिळालीच नव्हती.

त्याने योद्धा घेतला नाही, मांत्रिकही नाही. नळावर लोकांच्या कळशा रांगेत लावून देणारा एक पोऱ्या घेतला. ‘तू काय करतोस?’ असे तिने पहिल्यांदा विचारले तेव्हा तो इतका वेळ गप्प राहिला, की कोणीतरी पंखा बंद केला. मग त्याच्या पोऱ्याने रांगेतल्या शेवटच्या माणसाला विचारले, ‘काका, तुम्हाला किती वेळ झाला उभं राहून?’ ते ‘काका’ म्हणजे सबंध संध्याकाळ मागे राहिलेला, त्यांच्यातला सर्वांत लाजरा खेळाडू. पुढची वीस मिनिटे तोच बोलत होता. खुर्ची बदलली तरी सवय बदलली नव्हती. साडेदहाच्या सुमारास पोऱ्याने पहाऱ्यावरच्या शिपायाची किल्ली लांबवायचे ठरवले. फासा पडला: तीन. शिपायाने कान धरला. डी. एम. खुर्चीतल्या खुर्चीत मागे रेलून हसला. माझ्या वर्गातल्या दोन वर्षांत मी त्याला तसे हसताना पाहिले नव्हते.

ही इमारत पुनर्विकासाला जाते आहे. रहिवाशांच्या सह्या झाल्या, वर्ग दिवाळीनंतर रिकामा करायचा. मुंबईत सहा माणसांना दर शनिवारी चार तास विनामूल्य बसता येईल अशी खोली मिळणे ड्रॅगन बरा करण्याहून अवघड आहे, हे त्या सर्वांना ठाऊक आहे. पडद्यावर परत जायला कोणी तयार नाही. टाळेबंदीत चेहरे दिसायचे, पण कोण बोलायच्या बेतात आहे ते कळत नसे, असे तो म्हणतो.

मी आमच्या प्राचार्यांना अर्ज दिला आहे. तळमजल्यावरची भाषा प्रयोगशाळा शनिवारी दुपारनंतर बंदच असते. ‘खेळासाठी’ असे लिहिले असते तर अर्ज थेट जिमखान्याच्या फायलीत गेला असता, म्हणून विषयाच्या ओळीत लिहिले: ‘वाङ्मय मंडळाअंतर्गत मौखिक कथनाच्या साप्ताहिक बैठकीसाठी खोली मिळण्याबाबत.’ उपस्थितांची संख्या सहा, अधिक मी. कार्यालयातून एवढीच विचारणा आली आहे, की कार्यक्रमाची संहिता सोबत का जोडलेली नाही.