लेफ्टनंट कर्नल आणि आमचे नाना
आमचे नाना जन्मभर हिशेबखात्यात होते. एका पैशाचा फरक निघाला तर रात्र जागून काढणारा माणूस. त्यांनी आयुष्यात एकदाच एक बेहिशेबी गोष्ट सांगितली. खंबाटकीच्या घाटात एस.टी. बंद पडली असताना त्यांना म्हणे समोरच्या डोंगरावर एक तांबडा उजेड हलत हलत वर चढताना दिसला. आम्ही इतके हसलो की नानांनी ताटात भात तसाच ठेवून हात धुतला. तो विषय त्यांनी पुन्हा म्हणून काढला नाही.

हे मला आठवलं ते थेट इंग्लंडात, रेंडलशमच्या जंगलात. मुलगी इप्सविचला असते. जावईबापूंनी आम्हा दोघांना उडत्या तबकडीच्या पायवाटेवर फिरायला नेलं. होय, तिथल्या वनखात्यानं चक्क तशी पायवाट आखली आहे आणि वाटेवर धातूची तबकडीही उभी केली आहे. आपल्याकडे एव्हाना तिच्यापुढं नारळ फुटू लागले असते.

प्रकरण १९८० च्या डिसेंबरातलं. जंगलालगतचे वुडब्रिज आणि बेंटवॉटर्स हे दोन विमानतळ तेव्हा अमेरिकन हवाई दलाकडे होते. २६ तारखेच्या पहाटे पहारेकऱ्यांना झाडांत उजेड दिसला. पोलीस आले, त्यांना फक्त दीपगृह दिसलं. (पोलीस सगळीकडे सारखेच.) पुढं जमिनीत तीन खळगे सापडले. दीड इंच खोल, सात इंच रुंद. तेव्हा तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र आणि टेपरेकॉर्डर घेऊन रात्री स्वतः जंगलात निघाले. हे खूळ एकदाचं निकालात काढायचं, हा बेत. निकालात निघाले ते स्वतःच! टेपवर त्यांचा आवाज चढत जातो. १३ जानेवारी १९८१ ला त्यांनी ब्रिटिशांना रीतसर पत्र लिहिलं. विषय : 'उलगडा न झालेले उजेड'.

उलगडा पुढं चिकित्सक मंडळींनी केला. त्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर मोठी उल्का दिसली होती. झाडांतला उजेड ऑरफर्डनेसच्या दीपगृहाचा, दर पाच सेकंदांनी लुकलुकणारा. आणि खळगे सशांनी उकरलेले! म्हणजे एवढ्या बलाढ्य हवाई दलाला उल्केनं उठवलं, दीपगृहानं खेळवलं आणि सशानं फसवलं.

मला हे पटतं. हॉल्टसाहेबांना पटलेलं नाही. दीपगृह मला ठाऊक होतं, ते वेगळं, असं ते म्हणत आले. २०१० साली त्यांनी तसं प्रतिज्ञापत्रही केलं. चिकित्सक बरोबर असतील, पण त्यांनी निदान कर्नलसाहेबांची टेप वारंवार ऐकली, सेकंद मोजले. आम्ही नानांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नव्हतं.

ते दीपगृह मला पाहायचं होतं. पण समुद्र पायाशी आल्यामुळं २०१३ साली त्याचा दिवा बंद झाला आणि २०२० साली ते पाडलंही. संध्याकाळी मी उगाच पूर्वेकडं तोंड करून उभा राहिलो. नुसता अंधार.

"नानांनी पाहिला तो वणवा असणार," मी परतताना हिला म्हणालो. "उन्हाळ्यात डोंगर पेटतात, त्याची रेघ वर सरकते. मे महिना असला तर नक्कीच."

"अहो, मग तेव्हाच विचारायचं होतंत की नानांना," ही म्हणाली, "महिना कुठला होता ते."